खाऱ्या वाऱ्याची भूक

मी एक जुना पंप आहे. पाणी ओढणारा नाही हं, हवा ओढणारा! समुद्राकाठच्या एका प्रयोगशाळेच्या गच्चीवर माझं आयुष्य गेलं. समोर अथांग समुद्र, आणि मी खांबाला जखडलेला. मित्रांनो, एकदा तरी लाटेत पाय बुडवावेत असं फार वाटायचं. पण पंपाला पाय कुठले?

म्हणून समुद्रच माझ्याकडे यायचा. लाट फुटली की फेसातले बुडबुडे फुटतात आणि इवलेसे थेंब उडतात. त्यांतलं पाणी सुकतं, आणि डोळ्यांना न दिसणारे मिठाचे कण वाऱ्यावर स्वार होतात. मी हवा ओढली की त्यांतले काही माझ्या तोंडावरच्या पांढऱ्या कागदात अडकायचे. बाकीचे उंच जायचे. तिथे त्यांच्याभोवती वाफ जमून ढगांचे थेंब होतात, आणि ते ढग ऊन परतवून जमिनीला थोडा गारवा देतात. मला मेला त्या कणांचा हेवा वाटायचा!

कागद बदलायला संशोधक ताई यायच्या. "काय खाल्लंस आज, खादाडा?" म्हणत मला थोपटायच्या. राखणदार मामा माझा गंज खरवडायचे, तेलपाणी करायचे. "मीठ खाऊन हाडं झिजली बिचाऱ्याची," असं पुटपुटायचे.

ताईंना एकच ध्यास होता. मोठ्या वादळात किती मीठ वर जातं, ते त्यांना मोजायचं होतं. त्यावरून ढग किती आणि कसे बनतील याचा अंदाज सुधारणार होता. आम्ही दोघं वादळाकडे डोळे लावून बसलो.

अखेर ते आलं. ताई मला चालू करून बाहेरगावी गेल्या होत्या, आणि रस्ते बंद झाले. समुद्र नुसता पांढराफटक! मी आ वासला, आणि डोळ्यांपुढे अंधार. मामांनी धावत येऊन स्वतःचा रेनकोट माझ्या तोंडावर करकचून बांधला होता. बाहेर समुद्र गरजत होता आणि मी आत तडफडत होतो. गुदमरून माझी मोटर जळाली.

ताई परतल्या, तर कागद कोरा.

"अहो मामा, हे काय करून ठेवलंत!"

"भिजला असता हो तो, ताई. मी आपलं जपलं त्याला..."

मामा भिजून तापाने फणफणले होते. ताईंनी कोरा कागद बाजूला ठेवला आणि त्यांच्यासाठी औषध आणलं.

माझ्या जागी नवा पंप आला. मला पुसून, चादर घालून अडगळीच्या खोलीत ठेवलं. अंगावर गंज नाही, पण समुद्रही नाही. मित्रांनो, वस्तू जरूर जपा; पण ती ज्यासाठी जगते, त्यापासून तिला तोडू नका.

काल मामा आले. त्यांनी चादर काढली, खिडकी सताड उघडली आणि माझं तोंड समुद्राकडे वळवलं. खारं वारं नळीत शिरलं. किती दिवसांनी!

"मामा, खिडकी लावा, गंजेल तो!" ताई दारातून म्हणाल्या.

"गंजू द्या, ताई," मामा म्हणाले, आणि माझ्या शेजारी टेकले.