तळहातावरची वाइन

आशालताबाईंचं नाक गेलं होतं. म्हणजे जागेवर होतं, चांगलं सरळ आणि चमकीसकट, पण गेल्या हिवाळ्यात एक दांडगा ताप येऊन गेला आणि तेव्हापासून त्यांना कशाचा वासच येईना. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात आला तर आला, नाहीतर विसरा. आता वर्ष सरत आलं होतं. ही गोष्ट ठाऊक होती ती फक्त त्यांच्या यजमानांना, कृष्णकांतरावांना. तेही दूध करपून पातेलं काळं पडलं आणि बाई शेजारीच शांतपणे भाजी चिरत होत्या, म्हणून कळलं. नव्या पनवेलात त्यांच्या गोड्या मसाल्याचं नाव होतं, आणि तो मसाला त्या हल्ली निव्वळ रंगावर भाजत होत्या. भिशीतल्या बायकांना कळलं तर काय, ही लाज होतीच. पण रात्री अंथरुणावर पडलं की खरी भीती वर यायची. सगळं जग असंच बिनवासाचं, कागदावर काढल्यासारखं, मरेपर्यंत राहणार का?

भिशीच्या म्होरक्या सुनीताबाई. त्यांनी चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात ओझर-लेण्याद्रीची सहल काढली आणि घरोघरी देवदर्शन म्हणून सांगितलं. ते खोटं नव्हतं. फक्त येताना वाटेत द्राक्षांपासून वाइन करणारा एक कारखाना लागतो आणि तिथं पाहुण्यांना चव घेऊ देतात, एवढा तपशील त्यांनी नवरेमंडळींपासून गाळला. रमाबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक. त्यांनी ओतूर येईपर्यंत कुरकुर केली, मग द्राक्षं उपासालाही चालतात असा स्वतःच निकाल देऊन टाकला. आशालताबाईंना मात्र यायचंच नव्हतं. वास ओळखायच्या ठिकाणी आपण जाणं म्हणजे आंधळ्याच्या हाती आरसा. पण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

दोन्ही गणपती झाले, कपाळाला कुंकू लागलं, आणि भर दुपारी पाच बायका कारखान्याच्या दारात उतरल्या. भाड्याच्या ट्रॅक्स गाडीचा ड्रायव्हर काशिराम मूळचा पनवेलजवळच्या विचुंब्याचा. चला म्हटलं तर म्हणाला, "मी नाय येत, ताई. मला गाडी चालवायची हाय."

आत तळघरात गारवा होता. दोन मजल्यांएवढ्या उंच स्टीलच्या टाक्या ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांच्या पोटात या क्षणीसुद्धा रस आपला आपण बदलतो आहे, असं तिथल्या तरुण साहेबाने सांगितलं. वाटभर अंताक्षरीने कान किटवणाऱ्या बायका एकदम गाभाऱ्यात शिरल्यासारख्या हळू बोलू लागल्या. कुणी हात लावत नाही, ढवळत नाही, आणि अंधारात द्राक्षाचं दुसरंच काहीतरी होतं. आशालताबाईंनी टाकीला हळूच तळवा टेकवला. त्यांना का कोण जाणे, नमस्कार करावासा वाटला.

मग पंचाईत झाली. मुंबईहून एका कंपनीची मोठी पार्टी आली होती आणि पेले सगळे तिकडे गेले होते. साहेबाच्या हाती एकच उरला. तो म्हणाला, एकेकीने घ्या, मी मध्ये धुऊन देतो. रमाबाई उष्ट्या पेल्याला तोंड लावणार? त्यांनी पदर सावरला, डाव्या हातावर उजवा ठेवला आणि तळवा खोलगट करून पुढे धरला, तीर्थाला धरतात तसा.

साहेब क्षणभर गोंधळला. मग त्याने बाटली वाकवली. रमाबाईंनी वाइन प्यायली आणि सवयीने ओला हात डोक्यावरून फिरवला. मागोमाग बाकीच्यांनीही तेच केलं. साहेब हसला नाही, हे त्याचं मोठेपण. शेवटी तो आशालताबाईंसमोर आला आणि म्हणाला, आधी वास घ्या, घाई करू नका.

त्यांनी तळव्यावर मान झुकवली. आधी काही नव्हतं. गडद लाल थेंब हाताच्या रेषांत पसरत होते आणि हाताच्या उबेने कोमट होत होते. खोटं काय सांगायचं, याची जुळवाजुळव त्यांनी सुरू केली होती. आणि मग नाकाच्या मुळाशी काहीतरी हललं. बारीकसं, आंबूस, गोडसर, जुन्या लाकडासारखं, आणि त्याच्याही मागे काहीतरी, ज्याला त्यांच्याकडे नावच नव्हतं. अंगावर सर्रकन काटा आला. श्वास सोडला तर ते जाईल म्हणून त्यांनी तो धरून ठेवला. एवढ्याशा थेंबांत एवढं मोठं काही मावतं कसं, ते त्यांना कळेना.

"कसला वास येतोय गं?" सुनीताबाईंनी विचारलं.

"वाइनचा," त्या म्हणाल्या. बायका हसल्या.

पण गाडीत बसल्यावर शंकेने घेरलं. जन्मात कधी वाइन हुंगली नव्हती, मग तो वास खराच होता हे ठरवायचं कशावरून? त्यांनी हात हुंगला, पुढ्यातल्या रमाबाईंचा गजरा हुंगला, प्रसादाचा पेढा नाकाशी धरला. काही नाही. इतकी आस लागली होती की मनानेच रचलं असणार. माळशेज घाटात बायका खिडकीतून दरी बघत होत्या आणि आशालताबाई तोंड फिरवून रडत होत्या. वर्षभरात त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं.

पनवेलात शिरेपर्यंत दिवेलागण झाली. रमाबाईंना सोडायला गाडी उरण नाक्याकडे वळली आणि गर्दीत अडकली. पुढच्या भिशीचा मेनू ठरत होता.

"सुकट," आशालताबाई एकाएकी म्हणाल्या.

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दिसत तर काहीच नव्हतं, आणि वासही कुणाला आला नव्हता.

"पुढं हाय, वळणापाशी," काशिराम म्हणाला. "आमची गंगाबाय बसते तिथं. तुमाला इथूनच कललं?"

गाडी वळली. कंदिलाच्या उजेडात सुकटीच्या आणि बोंबलांच्या टोपल्या मांडलेल्या होत्या. चारही बायकांचे पदर एकदम नाकाला गेले. आशालताबाईंनीही आयुष्यभर तेच केलं होतं. याच नाक्यावर त्या रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या.

त्यांनी खिडकीची काच सरकवली आणि तोंड बाहेर काढलं.

"काशिराम," त्या म्हणाल्या, "गाडी जरा इथंच थांबव."