कुंदनच्या वाटचं पाणी

लीलाधर फिरकेनं जन्मात एकच इंजिन उघडलं होतं, विहिरीवरचं ऑइल इंजिन, आणि तेही हौसेनं नव्हे, पाण्याचा खोळंबा झाला म्हणून. केळीतलं त्याला काहीही विचारा. कुठल्या खोडाचा घड कधी निसवेल, कुठल्या पानावर करपा येऊ घातलाय, डोळे मिटून सांगेल. पण मोटारसायकलीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. आणि अशा माणसानं पन्नाशीला टेकल्यावर दुसऱ्या महायुद्धातली मिलिटरीची गाडी चालू करायला घेतली, तेव्हा गावापासून सावद्यापर्यंत ओळखीच्या सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. काढणारच. खरं कारण कोणाला ठाऊक नव्हतं, आणि लीलाधर ते सांगणार नव्हता.

गाडी त्याच्या थोरल्या भावाची, कुंदनची. गोऱ्या साहेबांच्या पलटणीत धावलेली बीएसए. पुढच्या काट्यात मनगटाएवढी जाड स्प्रिंग, मागे शॉकअॅब्सॉर्बर नावालाही नाही, बसायला सायकलसारखं एकटं सीट आणि मागे लोखंडी कॅरियर. कुंदननं ती भुसावळच्या एका भंगारवाल्याकडून उचलून आणली आणि दोन वर्षं तिच्यावर जीव पाखडून चालू केली. गावात तिला तोफ म्हणायचे. तोफ नाल्यापलीकडे असली तरी तिचा आवाज ऐकून त्यांची माय, पुष्पाबाई, चुलीवर तवा टाकायची. कुंदन येईपर्यंत भाकरी तयार.

तीस वर्षांपूर्वी लीलाधरनं त्या गाडीचं वाटोळं केलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, अंगात नुसती रग. सडकेवर केळीचा ट्रक भरून उभा होता आणि चार घड मळ्यातच राहिले होते. पठ्ठ्यानं भावाला न विचारता दोन घड इकडे, दोन तिकडे कॅरियरला बांधले आणि तोफ काढली. केळीबागाईतदाराच्या पोरालाच सुचावं असलं! नाल्याच्या वळणावर ओझं एका अंगाला गेलं, गाडी दगडांवर आपटली आणि पुढचा काटा वाकला. कुंदननं चारचौघांत लीलाधरच्या कानाखाली काढली. ते वडिलांनी, आबांनी, पाहिलं. "लोखंडासाठी भावावर हात टाकतो? घे तुझं लोखंड अन् हो चालता!" असं आबा बोलून गेले. कुंदन खरंच चालता झाला. लोखंड मात्र मागेच राहिलं.

आबा पुढे पश्चात्तापानं झिजून गेले. पुष्पाबाईनं गाडी मळ्यातल्या शेडमध्ये ठेववली आणि भंगारवाल्याला दारात उभं राहू दिलं नाही. "माह्या पोराची हाये. तो येईल तव्हा काय दाखवू त्याले?" एवढंच ती म्हणायची.

आता लीलाधरच्या पोटातली गोष्ट ऐका. अकरा वर्षांपूर्वी घरच्या फोनवर सुरतेच्या एका दवाखान्यातून निरोप आला होता. गॅरेजमध्ये काम करणारा कुणी कुंदन फिरके तापानं गेला, त्याच्या डायरीत हा नंबर सापडला. इतकी वर्षं नंबर जवळ बाळगला आणि एकदाही लावला नाही, केवढा तो राग! केळीच्या रोपांचं बघायला जातो अशी थाप मारून लीलाधर सुरतेला गेला. गावाजवळून वाहणारी तापीच तिथे समुद्राला मिळते. तिच्या काठावर त्यानं एकट्यानं भावाला अग्नी दिला, अस्थी पाण्यात सोडल्या आणि परतीच्या गाडीत लहान पोरासारखा हमसून हमसून रडला.

पण घरात तेव्हा आबांना जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. माय अंथरुणाला खिळलेली. आज नको, जरा सावरू दे, असं म्हणून त्यानं फक्त बायकोला, कामिनीला सांगितलं. माय सावरली. मग दिवाळी आली, मग कुणाचं लग्न आलं. सांगायचं राहिलं ते राहिलंच. एक वर्ष उलटल्यावर तर कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि दरसाल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, यायची. आखाजीला घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं मातीच्या घागरी भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोरी ठेवतात. त्या दिवशी पितर पाणी प्यायला दाराशी येतात म्हणे. पुष्पाबाई सासऱ्याची घागर भरायची, सासूची भरायची, आबांची भरायची. भाऊबंदांपैकी कुणी चाचरत म्हणायचं, वहिनी, बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, ती कधीच होऊन गेली, आता कुंदनची पण... की ती अंगावर धावून जायची. "जित्या मानसाची घागर भरता का रे?" लीलाधर खाली मान घालून आंबे पुसत बसायचा. घागर भरताना भावाचं नाव कुणी घेत नव्हतं. सगळ्यांना पाणी मिळत होतं, एक कुंदन सोडून.

गेल्या दिवाळीत पुष्पाबाईचे डोळे गेल्यातच जमा झाले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, आता उजेड-अंधार तेवढा कळेल. दवाखान्यातून आल्यावर ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "लीलाधर, मले आता तो दिसायचा नाही. आवाजानंच वळखीन. त्याची गाडी चालू करून ठिव रे बाप्पा."

तो "हो" म्हणाला. त्या दिवशी त्यानं स्वतःशी ठरवलं, गाडी चालू झाली की तिचा हात टाकीवर ठेवायचा आणि सांगून टाकायचं. ह्या आखाजीच्या आत.

शेड उघडलं तेव्हा टाकीत उंदरांनी संसार थाटला होता आणि किकवर दोन्ही पायांनी उभं राहिलं तरी ती तसूभर हलत नव्हती. पिस्टन जाम. लीलाधरनं ऑइल इंजिनचं शहाणपण वापरलं. प्लगच्या भोकातून डिझेल आणि रॉकेल ओतलं आणि पंधरा दिवस रोज सकाळी जाऊन किकला थोडा थोडा जोर दिला. सोळाव्या दिवशी आत काहीतरी करकरलं आणि किक बोटभर खाली गेली. आनंदानं तो एकटाच ओरडला.

पुढे सगळ्या चुकाच चुका. निघालेले नटबोल्ट तो घडांना घालायच्या निळ्या पिशव्यांत भरून खिळ्यांना टांगायचा, पण कुठल्या पिशवीत कुठले, हे लिहायचं त्याच्या डोक्यात महिनाभर आलंच नाही. मग शेतात सरीत हरवलेला विळा शोधावा तसा एकेक बोल्ट लावून बघणं आलं. काटा सावद्याच्या लोहाराकडून सरळ करून आणला आणि उलटा बसवला. हँडलच्या एका दांडीनं किक हलकी होते हे कळलं, तेव्हा मात्र त्याची कळी खुलली. "हे तर आपल्या इंजिनचं डिकम्प्रेशन!" असं तो कामिनीला जेवताना चार वेळा म्हणाला. कामिनी वाढत राहिली. "अहो, चालू झाल्यावर मायला काय सांगणार आहात?" तिनं विचारलं. त्यानं ताक मागितलं.

ठिणगी येईना. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो घेऊन तो सावद्याला रतिलालभाऊंकडे गेला. रतिलालभाऊ जन्मभर विहिरींच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरत आले. त्यांनी मॅग्नेटो हातात फिरवला, चष्मा वर केला. "कुंदनचा ना हा? पोरगं माझ्याच इथं बसून तार गुंडाळायचं," ते म्हणाले. "हाये कोठी तो?"

"माहीत नाही, भाऊ," लीलाधर म्हणाला. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याच्या जिभेवर गुळगुळीत झालं होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी सगळं जागेवर होतं. पहिल्या किकेला ठिणगी वेळेआधी पडली, किक उलटी आली आणि नडगीवर अशी बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग आठवलं, टाकी डिझेलनं धुतली आणि तळाचं डिझेल तसंच राहिलं! ते सगळं काढलं, नवं पेट्रोल भरलं, ठिणगीची दांडी मागे घेतली, डिकम्प्रेशन दाबून पिस्टन वर आणला आणि देवाचं नाव घेऊन किक मारली.

तोफ उडाली. शेडच्या पत्र्यांवरची कबुतरं उडाली, धुरानं केळीची पहिली ओळ दिसेनाशी झाली, आणि लीलाधर हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाही कळत नव्हतं. कुंदन शेजारी उभा असता तर म्हणाला असता, गाढवा, जमलं की तुला! त्या भरात त्यानं गाडीवर टांग टाकली. मायला हात धरून मळ्यात आणायचं, शांतपणे बसवायचं, मग बोलायचं, हे सगळं ठरलेलं डोक्यातून साफ उडालं. तो तीस वर्षांपूर्वीसारखाच गाडी दामटत निघाला, नाल्याच्या वळणावरून सांभाळून वळला आणि गल्लीत शिरला.

गाडी दारात उभी करून त्यानं इंजिन बंद केलं तेव्हा पुष्पाबाई ओट्याच्या पायऱ्या उतरत होती. काठी नाही, चप्पल नाही. दोन्ही हात पुढे.

"आला? कुंदन, आला रे माह्या राजा?"

तिचे हात त्याच्या खांद्यांवर आले, तोंडावरून फिरले. "किती वाळला रे! कामिनी, पानी आन आधी! उन्हातून आला तो!" कामिनी तांब्या घेऊन दारातच उभी राहिली. पुष्पाबाईनं चाचपत तांब्या हिसकून घेतला आणि त्याच्यापुढे धरला. "पी. मंग बोल."

एक घोट घेतला असता तर माय ह्याच आनंदात राहिली असती. लीलाधरला ते दिसत होतं. त्यानं तांब्या हातात घेतलासुद्धा. ओठांपर्यंत नेला. आणि त्याला वाटलं, आपण भावाचं मरण चोरलं आणि आता त्याचं पाणीही चोरतोय.

"माय, मी हाये. लीलाधर."

ती हसली. "मंग मांगं बसला का तो?" असं म्हणत तिनं गाडीच्या मागे हात नेला. तिचा हात रिकाम्या कॅरियरवरून इकडून तिकडे फिरला, पुन्हा फिरला.

"तो नाही ये माय. तो गेला. सुरतेले. अकरा वर्षं झाली. मीच आग देल्ली, तापीवर. तुले सांगायची हिंमत नाही झाली मले."

गल्लीत दोनचार माणसं थबकली होती. लीलाधरला वाटलं, ती कोसळेल, छाती बडवेल. ती उभीच राहिली. ओठ हलत होते, ती काहीतरी मोजत होती.

"अकरा आखाज्या," ती म्हणाली. "दरसाल माह्यं लेकरू ह्या दारात येऊन उभं राह्यलं. मी सासऱ्याले पाजलं, तुह्या बापाले पाजलं. त्याच्यासमोर पाजलं. अन् त्याले कोनी पानी नाही इचारलं. तू तान्हेलं ठेवलं त्याले, लीलाधर."

तिनं मूठ उगारून त्याच्या छातीवर मारली. त्या मारात जोर नव्हता. तो तसाच उभा राहिला, आणखी मारावं असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी कुंभाराकडून अकरा घागरी आल्या. तिनं त्या ओट्यावर ओळीनं मांडून घेतल्या. लीलाधर हंडा घेऊन पुढे झाला तर म्हणाली, "तू हात लावू नको." कामिनीनं हंडा दिला. पुष्पाबाई एका हाताचं बोट घागरीच्या काठाशी धरून दुसऱ्या हातानं तांब्यानं पाणी ओतायची, बोट ओलं झालं की थांबायची आणि नाव घ्यायची. कुंदन. मग पुढची घागर. लीलाधर खाली अंगणात उन्हात उभा होता. त्याला कोणी जा म्हणालं नाही आणि ये म्हणालं नाही.

सातव्या घागरीशी ती थांबली.

"मरताना कोनी पानी देल्लं का त्याच्या तोंडात?"

लीलाधर पोचला तेव्हा भावाच्या अंगावर चादर होती. 'हो' म्हणणं सोपं होतं. अकरा वर्षं तो असंच काहीबाही म्हणत आला होता.

"मले माहीत नाही, माय," तो म्हणाला.

पुष्पाबाईनं मान हलवली आणि आठवी घागर हातानं चाचपली.