ती पडली नव्हती

रंगमंचावर थप्पड पुन्हा बसली. मेरियनच्या ओठातून रक्ताची रेघ हनुवटीवर उतरली, तरी अंधारातल्या खुर्च्यांमधून दिग्दर्शक ओंद्रेईचा आवाज आला, "खोटं. परत करा."

तिसऱ्या रांगेत त्याची आई झुझाना हातातली पर्स घट्ट धरून बसली होती. लेकाच्या नाटकाचा पहिला प्रयोग होता त्या आठवड्यात ती खाणीच्या गावाहून बसने न्यूयॉर्कला आली होती, खसखस भरलेला गोड पावाचा रोल फडक्यात बांधून. तालमीला बस, पण तोंड उघडू नकोस, असं तिला बजावलं होतं. असं बजावणारा लेक तिनेच जन्माला घातला होता, म्हणून ऐकून घेतलं.

ओंद्रेई ह्राबेक हे नाव आता थिएटरच्या दारावर दिव्यांनी लिहिलं जाई. पडदे ओढण्यापासून सुरुवात केलेला हा पोरगा दिग्दर्शक झाला तो माणसं रडवून. त्याच्या नाटकातली बाई मार खाऊन अशी कोसळे की धप्प आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाई. त्या आवाजासाठी लोक तिकिटं काढत. एकीचं कोपर मोडलं, एकीची बरगडी. दवाखान्यात फुलं पाठवायला तो विसरत नसे.

या नाटकात खाणकामगाराचं स्वयंपाकघर होतं. शेगडी तिच्या घरातलीच, कंबरेएवढी, पुढे लोखंडी दांडी असलेली; पट्टा टांगायचा खिळासुद्धा त्याच जागी. झुझानाने सगळं ओळखलं होतं आणि गिळलं होतं.

नवऱ्याचं काम करणारा वॉरन मागे सरला. आपला हात आता उठत नाही म्हणाला. ओंद्रेई ताडताड रंगमंचावर चढला. मनगटावरचं घड्याळ सोडलं, काच वर करून टेबलावर नीट ठेवलं, आणि मेरियनच्या कानशिलात अशी हाणली की ती शेगडीवर आपटून खाली गेली.

"असं," तो वॉरनला म्हणाला. "हे खरं."

झुझाना फटक्याकडे नाही, टेबलावरच्या घड्याळाकडे बघत होती. तिचा नवराही आधी घड्याळ उतरवायचा, काच फुटू नये म्हणून.

ती उठली. गुडघे कुरकुरत असतानाही पायऱ्या चढून वर गेली.

"मी कधी पडले रे?"

"आई, खाली बस. मी पाहिलंय. टेबलाखाली होतो मी."

"टेबलाखाली होतास, डोळे मिटून. आवाज व्हायचा तो खुर्ची पडल्याचा. मी एकदाच पडले. तेव्हा मला सोडून तुझा बाप तुझ्याकडे वळला. तुझी भुवई फाटली ती कशाने वाटली तुला? त्यानंतर नाही पडले."

तिने उजवा तळवा उघडला. आडवा, गुळगुळीत, जुना चट्टा होता. शेगडीची लोखंडी दांडी तापलेली असो की गार, तिने सोडली नव्हती.

ओंद्रेईचा हात भुवईवरच्या जुन्या व्रणाकडे गेला.

"घड्याळ घाल आधी," ती म्हणाली. "बापाची लकब बरी उचललीस."

तो मनगटाकडे बघत राहिला. झुझानाने त्याला जवळ घेतलं नाही. तिने मेरियनला उठवलं, आपल्या रुमालाने तिचा ओठ टिपला आणि तिचा हात दांडीवर ठेवला. "पोरी, इथं धर. आता पडायचं नाही. आणि तू रे लांबड्या, हात हवेतच ठेवायचा. लागला तर माझ्याशी गाठ आहे."

वॉरनने मुकाट मान हलवली. ओंद्रेई नाही म्हणाला नाही.

पहिल्या प्रयोगाला दिग्दर्शक बसत नाहीत. ओंद्रेई सगळ्यात मागे, कठड्याला टेकून उभा होता. दुसऱ्या अंकात वॉरनने घड्याळ उतरवून टेबलावर ठेवलं आणि त्याचा हात फिरू लागला. मेरियन हेलकावली, वाकली, पुन्हा ताठ झाली. लोक धप्प आवाजाची वाट पाहत होते. तो आलाच नाही. हात थांबला, घड्याळ पुन्हा त्याच्या मनगटावर चढलं, तरी ती उभीच. खोकलंसुद्धा कोणी नाही.

मग मागून, कठड्याजवळून आवाज आला. धप्प. दारावरची माणसं तिकडे धावली, कोणीतरी हलकेच ओंद्रेईचं नाव घेत त्याला उठवू लागलं.

तिसऱ्या रांगेतल्या झुझानाने वळून पाहिलं नाही. तिची नजर मेरियनच्या दांडीवरच्या मुठीवर होती, आणि ती मूठ सुटेपर्यंत तिने स्वतःचीही सोडली नाही.