कोपऱ्यातली वांगेवाली

भागाबाईने कुंकवात बोट बुडवले आणि लालचंदशेठ गादीवरून ओरडले.

"हात मागे, बाई! तैलचित्र आहे ते, देवीचा टाक नाही!"

तोवर कुंकू लागलेही होते. दर बाजाराला हे असेच. वांग्यांची पाटी दुकानाच्या पायरीवर टेकवायची, चपला काढून आत यायचे आणि भिंतीवरच्या चित्रात कोपऱ्यात बसलेल्या वांगेवालीला कुंकू लावून हात जोडायचे. शेठ बारा वर्षे सांगून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

दुकान उघडले त्या साली काढलेले हे चित्र, धरणगावच्या भरल्या बाजाराचे. बैलगाड्या, कापसाचे ढीग, घासाघीस करणारी माणसे, आणि मधोमध नव्या कापडदुकानाच्या गादीवर शेठजींचे आजोबा. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दुकानाला शंभर वर्षे भरत होती. पाहुण्यांना दाखवायचे ते हेच चित्र, आणि त्याच्या कोपऱ्यात कुंकवाचा हा एवढा थर!

"तुमना आजा बठ्ठासले दिखस," भागाबाई म्हणाली. "मनी पणजीले मीच एकली हात जोडस. ती अहेव गई, शेठ. तिले कुंकू नको का?"

जिचे स्वतःचे कपाळ नवऱ्यामागे मोकळे, तिच्याशी कुंकवावरून काय भांडायचे? शेठ चरफडत पुन्हा कापड मोजू लागले.

शेवटी त्यांनी धुळ्याहून भाईदास पेंटरला बोलावले. त्याने दोन दिवस खपून थर उतरवला. खालून लुगडे निघाले, वांग्यांची पाटी निघाली. चेहरा मात्र कुंकवाबरोबरच खरवडून आला. तिथे नुसते कापड उरले.

"चेहरा कसा होता, शेठजी?"

आजोबांच्या पगडीचे पेच शेठजींनी मोजून सांगितले असते. या बाईकडे त्यांनी जन्मात कधी पाहिलेच नव्हते. त्यांना स्वतःचाच राग आला, आणि बाजाराच्या दिवशी तो निघाला भागाबाईवर.

"सांग आता, कशी दिसायची तुझी पणजी?"

"माले काय ठाऊक? मना मायना येळे बी तठे कुंकूच व्हतं. पण माय सांगे, नाक मनंच शे."

भाईदासने तिलाच समोर बसवले. दुपारभर ती चुळबुळत राहिली आणि शेठ तिच्यावर खेकसत राहिले.

पुढच्या बाजाराला ती आली. पाटी टेकवली, चपला काढल्या. कोपऱ्यात तिचेच नाक होते, तिचेच डोळे. भाईदासने वय तेवढे कमी केले होते. तिने कुंकवात बोट बुडवले, वर नेले, आणि ते तिथेच थांबले. मग तिने ते पदराला पुसले.

"आते तठे मीच दिखस, शेठ. माले कुंकू कसं चालई?"

बारा वर्षे शेठजींना हेच तर हवे होते. आखाजी चार दिवसांवर आली होती आणि चित्र कसे लख्ख दिसत होते.

"तू कुठली आलीस त्यात?" ते गादीवरून उठत करवादले. "ती अहेव गेली, तूच सांगतेस ना? मग लाव. पाहुण्यांना काय सांगायचं ते मी बघतो."