कॅलेंडरची कव्हरं

अंजूच्या वाचनालयात पुस्तक चुकीच्या कप्प्यात दिसलं की तिचं डोकं फिरायचं. ग्रंथालयाचा कोर्स करून ती अड्याळला आली, तेव्हा शेतीच्या पुस्तकांत स्वयंपाक आणि स्वयंपाकात व्रतकथा अशी सगळी खिचडी होती. तिने हट्टाने सारी पुस्तकं विषयवार लावली, प्रत्येकावर आकड्याची चिठ्ठी डकवली. त्या शिस्तीचा तिला भारी अभिमान होता.

दिवाळीनंतर बेबीबाई गोणीत पुस्तकं घेऊन आली. तलावावर मासे धरणाऱ्या घरातली बाई, अक्षरओळख नाही. वरठीहून कामावरून येताना मोटारसायकलच्या अपघातात तिचा मुलगा सूरज गेला होता, आणि त्याच्या पुस्तकांना आता घरी वाळवी लागत होती. प्रत्येक पुस्तकाला त्याने जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलेलं. कशावर गणपती, कशावर बैलजोडी.

"इथं नीट राहतीन ना, बाई? मी येत जाईन पाहाले. मले आता तेवढाच सूरज उरला."

"राहतीन, मावशी. काळजी नका करू," अंजू म्हणाली.

आणि तिने काम खरंच जीव ओतून केलं. नाव दिसल्याशिवाय विषय कळत नाही, म्हणून कव्हरं उतरवली. वायरिंगची पुस्तकं तंत्रज्ञानात, कविता साहित्यात. माशांचं पुस्तक प्राण्यांत घालावं की व्यवसायात, यावर तर तिने अख्खी दुपार घालवली. कव्हरं रद्दीत गेली.

बाजाराच्या दिवशी बेबीबाई आली. सगळ्या कपाटांवरून तिची नजर फिरली आणि कुठेच थांबली नाही.

"माह्या सूरजचे कुठी हायेत?"

अंजूने हौसेने माशांचं पुस्तक काढून दिलं. बेबीबाईने ते उलटंपालटं करून परत केलं.

"हे नाही त्याचं. त्याच्यावर गणपती होता."

अंजूने ते पुस्तक टेबलावर ठेवलं. "कागद मी काढले, मावशी."

"काहून?"

"विषय दिसाले पाहिजे म्हणून."

अंजूने धावपळ करून सगळ्या कपाटांतून सूरजची पुस्तकं गोळा केली आणि टेबलावर रचली. तिला रडू येत होतं. "हे सारे त्याचेच होत. घरी घेऊन जा, मावशी."

बेबीबाईने त्या ढिगावरून हात फिरवला. मग हात पदराला पुसला.

"राहू दे, बाई. आता तू सांगशीन तेच त्याचे. मले तर याच्यात तो दिसूनच नाही राहिला."