पाठ फिरवून बसलेलं बाळ

माईंनी सुनेला पाणी पाजायला घरापासूनच सुरुवात केली होती. रस्त्यात बाटली, दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी बाटली, आणि बाकावर टेकतात न टेकतात तोच पुन्हा, "अगं, दोन घोट घे. पोट तट्ट भरल्याशिवाय आतलं दिसत नाही. तुझ्या नणंदेला असंच सांगितलं होतं."

"आई, आता माझ्यात जागा नाही. आधीच एक भाडेकरू ठेवलाय."

सून बस चालवायची. तासन्‌तास दम धरायची सवय होती, म्हणून निभावलं. दुसरी एखादी रडकुंडीला आली असती.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचं डोकं, मणका, हातपाय सगळं दिसलं होतं. हृदय तेवढं नीट दिसलं नव्हतं, कारण बाळ पाठ फिरवून बसलं होतं. "असं बऱ्याचदा होतं, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मुलगा आणि सून ते ऐकून निवांत झोपली. झोप उडाली ती माईंची.

माईंची पहिली मुलगी हृदयातच खोट घेऊन आली होती. त्या काळी पोटातलं बघायची सोय कुठली! सुईण पोटाला लाकडी नळी लावायची, कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "पळतंय बघ घोड्यासारखं." पोरगी झाली नाकीडोळी नीटस, पण दूध ओढता ओढता दमायची, ओठ जांभळे पडायचे. हृदयातला मधला पडदाच धड नाही, हे मोठ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत उशीर झाला होता. बसायला शिकण्याआधीच ती गेली. पुढे एक मुलगी झाली, मुलगा झाला, घर भरलं. थोरलीचा विषय मात्र कुणी काढला नाही. सुनेला तर ठाऊकच नव्हतं, आणि या दिवसांत तिच्या डोक्याला ताप नको म्हणून माईही तोंड मिटून होत्या.

नंबर लागला. आत दिवे मंद केलेले. पोटावर थंडगार मलम पडलं, त्यावरून यंत्राचा दांडा जरासा दाबून फिरला आणि सून कळवळली.

"एवढं पाणी कुणी प्यायला सांगितलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सुनेने माईंकडे मान वळवली. माई छताकडे बघू लागल्या.

"अहो आजी, ते अगदी पहिल्या महिन्यांत. आता बाळाभोवतीच भरपूर पाणी असतं. जा बाई, आधी मोकळी होऊन ये."

"मग तू बोलायचं नाहीस होय गं?" माई सुनेवरच उखडल्या.

"बोलले असते तर ऐकलं असतंत?"

ती परत आली, पुन्हा आडवी झाली. बाळ अजून पाठमोरंच. डाव्या कुशीवर वळून झालं, उजव्या कुशीवर झालं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जरा फिरून या, काहीतरी खा. वळेल आपोआप."

बाहेरच्या लांब बोळात सून केळं खात फेऱ्या मारू लागली. पोटावर थाप मारून म्हणाली, "ओ, पाठीमागचे! वळा जरा, पुढे सरका." बाकावरच्या बायका हसल्या. माईही हसल्या, पण नजर आतल्या दारावरच होती.

पुन्हा आत गेल्या तेव्हा बाळ वळलं होतं. डॉक्टरीणबाई बोलायच्या थांबल्या. नुसता यंत्राचा टकटक आवाज. माई खाटेची कड धरून पुढे वाकल्या.

"मी गप्प असते तेव्हा मोजत असते, आजी. श्वास घ्या." मग त्यांनी मॉनिटर माईंकडे वळवला. "हे बघा, चार कप्पे. दोन वर, दोन खाली."

राखाडी धुक्यात काहीतरी मुठीसारखं उघडत होतं, मिटत होतं.

"आणि मधला पडदा? तो सलग आहे ना?" माईंचा आवाज असा काही चढला की सुनेने मान उचलून पाहिलं.

"सलग आहे. सोनोग्राफीत सगळंच कळतं असं मी म्हणणार नाही. पण जे बघायला बोलावलं होतं, ते छान दिसतंय." त्यांनी आवाज सुरू केला. खोलीभर धडधड धडधड झाली.

"अजून थोडं ऐकवता?" माई म्हणाल्या. बाहेर बायका ताटकळल्या होत्या, तरी डॉक्टरीणबाईंनी ऐकवलं.

मलम पुसता पुसता सुनेने विचारलं, "आई, ते पडद्याचं तुम्हाला कसं माहीत?"

माई तिच्या पायांशी टेकल्या आणि चार वाक्यांत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. सुनेचा हात पोटावरच थांबला.

"काय नाव ठेवलं होतं तिचं?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. माईंनी नाव सांगितलं. ओठांना ते अजून सरावाचं होतं.

"छान आहे," सून म्हणाली, आणि उठायला तिने माईंचा हात धरला. "घरी गेल्यावर सगळं सांगा. कुणासारखी दिसायची इथपासून."

"कुणासारखी म्हणजे? माझ्यासारखी!" माई डोळे पुसत म्हणाल्या. "म्हणून तर देखणी होती."