पंचमीचा पाट

मी एक जुना सागवानी पाट आहे. जुना म्हटलं म्हणून नाक मुरडू नका, मित्रांनो. तुमच्या घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोन उन्हाळ्यांत तडकतात. माझ्या अंगाला चाळीस वर्षांत एक चीर नाही. मला अक्षर वाचता येत नाही, पण माणूस नुसता टेकला तरी मला कळतं, हा पोटभर जेवून उठणार की भांडून.

माझा जन्म खानदेशात, साक्रीजवळच्या एका खेड्यात झाला. भाईदास मिस्तरींनी मला रंधा मारला, खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकल्या आणि चार कोपऱ्यांना पितळी फुलं बसवली. सुंदराबाईच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला आंदण दिलं. तिचा नवरा सुरतेला लूमवर कामाला लागला, तेव्हा मीही त्यांच्या पेटीला बांधून गोडादऱ्यात आलो. खोली एवढीशी, पण माझा मान मोठा. माझ्यावर बसल्याशिवाय पाहुणा जेवला नाही आणि नवरदेवाला हळद लागली नाही.

सगळ्यात मोठा मान नागपंचमीचा. सुंदराबाई मला गेरूने रंगवायची आणि गंधाने नाग, नागीण, पाच पिल्लं काढायची. लाह्या वाहायची, दूध दाखवायची. दुसऱ्या दिवशी काथ्याने घासून मला लख्ख धुवायची. पुढच्या श्रावणात नवा नाग. चाळीस वर्षांत माझ्या अंगावर किती नाग आले आणि मोरीतून वाहून गेले!

पुढे घरात खुर्च्या आल्या आणि मी मोरीत गेलो. वर्षातला एक दिवस देव, बाकीचे दिवस पाण्याच्या पिंपाखालचं लाकूड. तक्रार तरी कोणाकडे करणार?

तिथून मला बाहेर काढलं योगिताने. ती सुंदराबाईची सून. पांडेसऱ्यातल्या मिलमध्ये कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करायची. फुलं, कोयऱ्या, पुन्हा फुलं. तिच्या साड्या देशभर गेल्या, पण तिचं नाव कधी कोणाला कळलं नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी ती स्वतःची चित्रं काढायची. मागच्या वर्षी उन्हाळ्यात तिने मला वाळवलं, गेरू, खडू आणि डिंक कालवला आणि माझ्यावर नाग काढला, पिल्लांसकट. पण कसला नाग! ना वेटोळं, ना वळण. लूमवरच्या ताण्यासारख्या सरळ रेघा, चौकोनी कोपरे, त्रिकोणात त्रिकोण म्हणजे फणा.

सुंदराबाईने कमरेवर हात ठेवून आपल्या अहिराणीत विचारलं, "हाई नाग शे का गटारना पाईप शे?"

"नागच आहे, आई. सुरतेत राहतो, म्हणून गल्ल्यांसारखा वळतो."

योगिताचा नवरा वाल्मिक चहा पीत होता. "मग याला दूध पाजायचं की पाणी सोडायचं?" तो म्हणाला. घर हसलं. मला मात्र राग आला. चेष्टा माझ्या अंगावरची होती ना!

पण शहरात एक गॅलरी चालवणाऱ्या चंचलबेन योगिताची चित्रं बघायला घरी आल्या. कागदावरची सगळी त्यांनी बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "में तो आवुं जोयुं ज नथी!" असं पाहिलंच नाही, म्हणाल्या. त्यांच्या प्रदर्शनात लांबलांबचे चित्रकार येणार होते. योगिताचं एकच चित्र त्यांनी निवडलं. ते माझ्यावरचं. त्याखाली तिचं नाव लागणार होतं.

आणि तिथून माझी झोप उडाली. बुधवारी टेम्पो यायचा होता, तो आला नाही. गुरुवारी निरोप आला, शनिवारी येतो. मधल्या शुक्रवारी पंचमी! गुजराती लोकांची नागपंचमी आपल्यानंतर पंधरा दिवसांनी, त्यामुळे चंचलबेनना घाई कसली ठाऊक असणार?

योगिता दबकत म्हणाली, "आई, या वर्षी पूजेला नवा पाट आणू का?"

"आण. सोबत नवी सासूही आण!" सुंदराबाई कडाडली. "मी तापाने पडले आणि पाट मांडला नाही, त्याच वर्षी खाडीचं पाणी घरात कमरेएवढं शिरलं. विसरलीस? मना पाट शे तो. सकाळी धुणार आणि माझा नाग काढणार, म्हणजे काढणार."

मित्रांनो, झाडाला कुऱ्हाड दिसते तेव्हा काय वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. डिंकाचा रंग तो. दोन तांबे पाण्यात संपला असता.

शुक्रवारी सकाळी सुंदराबाईने मला मोरीत आडवं केलं. काथ्या भिजवला. पहिला हात कोपऱ्यात पडला आणि धाकट्या पिल्लाचं शेपूट तांबडं पाणी होऊन वाहून गेलं. योगिता दारात उभी होती, पदर दातात धरून. मी ओरडत होतो, पण लाकडाला तोंड कुठे असतं?

दुसरा हात पडायच्या आत काथ्या थबकला.

"हा फणा असा उजवीकडे कोणी कलवला?" सुंदराबाईने विचारलं.

"तुम्ही," योगिता म्हणाली. "अकरा वर्षं तुम्हाला गंध उगाळून देतेय. तुमचा हात डावा, म्हणून तुमचा फणा उजवीकडे झुकतो. बाकीचं सगळं मी बदललं, आई. तेवढं मला बदलताच येईना."

सुंदराबाईने काथ्या बादलीत फेकला.

"पिल्लाचं शेपूट गेलंय, ते काढून दे. बिनशेपटीच्या नागाला मी हात जोडणार नाही."

त्या वर्षी पूजा योगिताच्या नागाची झाली. हळद पडली, कुंकू पडलं, आणि दुधाचा प्रत्येक थेंब योगिताने पदराच्या टोकाने टिपून घेतला. शनिवारी टेम्पो आला. चंचलबेन कुंकू पुसायला निघाल्या, तर सुंदराबाईने त्यांचा हात धरला.

गॅलरीत मला काचेत ठेवलं. लोक हातभर लांबून बघायचे. माझ्याखाली योगिताचं नाव होतं, असं म्हणतात. सुंदराबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली, "फणा मना शे." फणा माझा आहे म्हणे! माझी छाती फुगली होती. पण मग एका मोठ्या संग्रहालयाचे लोक आले. त्यांना मी कायमचा हवा होतो, कायमचा काचेत. योगिताने विचार करायला आठ दिवस मागितले. ते आठ दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. माझ्यावर पुन्हा कोणी बसणार नाही, गंध लागणार नाही, पाणीही पडणार नाही. आधी धुण्याची भीती होती. आता न धुतलं जाण्याची!

आठव्या दिवशी योगिताने मला घरी आणलं.

आता पुन्हा श्रावण आलाय. उद्या पंचमी. आणि गंमत बघा, आज सकाळी मला धुवायला कोण आडवं आलं? सुंदराबाईच! "हात लावायचा नाही. गल्लीतली माणसं बघायला येतात. तुझं नाव झालंय यावर."

योगिताने बादली खाली ठेवली. "आई, सरका. मला नवा नाग काढायचा आहे. तुम्ही एवढे नाग धुतलेत. कधी एकावर तरी जीव अडकला?"

"सगळ्यांवर," सुंदराबाई म्हणाली.

मग तिने माझं दुसरं टोक धरलं. "घास. आणि कोपऱ्यात गेरू राहू देऊ नकोस."

आता मी उन्हात कोरडा पडलो आहे. अंगावर काही नाही. योगिताने रंग कालवलाय, पण पहिली रेघ अजून ओढलेली नाही. कशी निघेल, जमेल का तिला, या काळजीने माझी शीर न् शीर ताठली आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. तिला काचेत कोंडू नका, पिंपाखालीही सारू नका. तिला कामाला लावा, मळली तर धुवा. आणि निदान उद्यापर्यंत माझ्यावर कोणी बादली ठेवू नका, एवढंच मागणं आहे.